दुसऱ्या गिअरमधला दाब

रविवार, १ मार्च

क्लबच्या चढाईत, म्हणजे डोंगररस्त्यावरच्या गाड्यांच्या शर्यतीत, रेविन आज दुसरी आली. म्हणजे ओटॅगोला जायचं पक्कं. दक्षिण बेटावरच्या त्या मोठ्या चढाईला पहिल्या दोघांनाच बोलावतात, आणि आमच्या टोकोरोआ गावातून आजवर कुणी गेलेलं नाही.

अकरा वर्षं झाली, आम्हा नवरा-बायकोची वाटणी ठरलेली: गाडी ती चालवते आणि गाडीचं बाकी सगळं मी बघतो. निळीचं, आमच्या या निळ्या गाडीचं, इंजिन मी बांधलंय, टर्बो मी बसवलाय. आणि टर्बोने इंजिनात हवा किती दाबाने कोंबायची हे ठरवणारी झडप तर मी स्वतः लेथवर घडवलीय. पितळी नळकांडं, आत एक छर्रा, छर्‍यामागे स्प्रिंग, वर स्क्रू. स्क्रू आवळला की दाब वाढला, सैल केला की उतरला. ना वायर, ना बटण. सतरा पाउंड दाबावर लावून ठेवली ती ठेवली. लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक दुरुस्त करण्यात जन्म गेला माझा, दाब म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको.

बक्षिसं वाटून झाल्यावर तो नवा पोरगा आला. तेआरिकी. ऑकलंडहून परत येऊन त्याने जुन्या बेकरीमागे दुकान टाकलंय, गाडी रोलरवर चढवून ताकद मोजतो. पस्तिशीचा असेल. दात फार पांढरे आहेत. माझ्याशी हात मिळवला आणि सरळ रेविनकडे वळून म्हणाला, "दुसऱ्या गिअरमध्ये ती काय करते?"

बस, एवढंच विचारलं. आणि रेविन जी बोलायला लागली! हातातलं सॉसेज गार झालं तरी बोलतेय. हातवारे काय, हसणं काय.

घरी येताना गाडीत माझ्याशी ती एकच वाक्य बोलली. "दूध संपलंय."

गुरुवार, ५ मार्च

रेविन त्या पोराचं दुकान "नुसतं बघायला" गेली होती. जेवणाची वेळ टळून गेल्यावर आली. तिच्या जॅकेटला नारळाच्या दुधाचा वास होता.

"त्याच्या आईने आग्रह केला," ती म्हणाली. "नारळाच्या दुधात टॅरोची, अळूसारखी, पानं केली होती."

"मी काल मटण रोस्ट केलं होतं त्यातलं उरलंय."

"पोट भरलंय रे."

बाही वर सरकवून भांडी घासत होती तेव्हा दिसलं, उजव्या कोपरावर तळहाताएवढा काळानिळा डाग. काय झालं विचारलं तर म्हणाली, "नेहमीचंच." नेहमीचं म्हणजे काय? मला तर कधी दिसलं नाही. बागेत कुठेतरी आपटली असणार. नाहीतर त्या दुकानात. तिथे काय काय सामान पसरलंय देव जाणे.

रविवार, ८ मार्च

पोरगा आज वर्कशॉपवर हजर. हातात झाकलेलं भांडं, त्यात बीट घातलेली ती गुलाबी बटाट्याची कोशिंबीर.

"पापा डेस, आईने पाठवलंय."

पापा! मी छप्पन्न वर्षांचा आहे. माझ्या डोक्यावर अजून केस आहेत. आणि रेविन आली तर तिला काय म्हणाला? नुसतं "रेविन." ती माझ्याहून फक्त तीन वर्षांनी लहान आहे. मी पापा आणि ती रेविन! न कळायला मी काही दूधखुळा नाही.

मग तो माझी झडप न्याहाळत बसला. हातात घेऊन फिरवून फिरवून बघितली. "ही तुम्ही केलीत? लेथवर? एका बाजूचं हे बारीक भोक कशासाठी?" मी सांगितलं, झडप मिटल्यावर नळीत अडकलेला दाब सुटायला. तो म्हणाला, "वा! बाजारातल्या झडपांत लोक हेच विसरतात." लोणी लावतोय. मला लोणी कळतं.

"पण पापा डेस, हिला एकच आकडा माहीत. दुसरा गिअर असो की चौथा, ओला रस्ता असो की कोरडा, सतरा म्हणजे सतरा. आणि ती दाब अडवून ठेवते, ठेवते, आणि एकदम सोडते. माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक डबा आहे. गिअरप्रमाणे दाब बदलतो. पाय अर्धा दाबला तर अर्धाच देतो."

"आणि वायर तुटली तर?"

"मग आपोआप दाब उतरतो."

"माझ्या झडपेला वायरच नाही, तुटेल कशी?"

तो मोठ्याने हसला. रेविनही हसली. माझ्या बोलण्यावर हसली की त्याच्या हसण्यावर, ते समजलं नाही. कोशिंबीर मी खाल्ली नाही. रेविनने दोनदा घेतली.

सोमवार, १६ मार्च

बेकरीवरून जायचं काही कारण नव्हतं. तरी गेलो. बोल्ट आणायला हार्डवेअरच्या दुकानात निघालो होतो, आणि ते दुकान अगदी उलट दिशेला आहे, हे मलाही माहीत आहे.

त्याच्या दुकानाचं शटर वर होतं. निळी रोलरवर उभी. रेविन आत सीटवर, दार उघडं, आणि तो दाराशी उकिडवा बसून तिच्याकडे वर बघतोय. ती डोळे मिटून, हाताने हवेत चाक फिरवत काहीतरी सांगत होती. तो मान हलवत होता. मध्येच म्हणाला, "आणि मग?" तिने सांगितलं. पुन्हा म्हणाला, "आणि मग?"

अकरा वर्षांत माझ्यासमोर तिने डोळे मिटून काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

मी हॉर्न वाजवला नाही. माझी युट, म्हणजे पिकअप, वळवली आणि परत आलो. दुपारी ट्रकचा नट आवळताना पाना निसटून बोटं सोलली. चूक नटाची होती.

शनिवार, २१ मार्च

आज झालं एकदाचं भांडण.

चहाच्या वेळी ती म्हणाली, "मला तो डबा लावून बघायचाय. ओटॅगोच्या आधी."

मी म्हटलं, "सरळ सांग ना, तुला तो पोरगा आवडतो."

ती माझ्याकडे बघतच राहिली. आधी वाटलं आता रडेल. मग वाटलं कप फेकेल. शेवटी कप खाली ठेवून म्हणाली, "डेस, मला दुसरा गिअर आवडत नाही. बास. वर्षानुवर्षं सांगतेय. दर वेळी तू काय म्हणतोस?"

"काय म्हणतो?"

"'गाडीचं मी बघतो, चालवायचं तू बघ.'"

"मग चूक काय त्यात? दुसरी आलीस ना त्याच झडपेवर?"

"त्या झडपेला न जुमानता आले!"

हे लागलं मला. मीही म्हणून बसलो, "झडपेचा दोष नसतो, पायाचा असतो. मी चालवून दाखवतो. एकोणतीस तारखेला क्लबचा सराव आहे ना? माझ्या झडपेवर मी चढवतो गाडी वर. मग तुमचा डबा लावा नाहीतर शवपेटी लावा."

"तू?" ती म्हणाली. "तू चढावर कधी चालवलीयस?"

चालवलीय की. वर्कशॉप ते पेट्रोलपंप. हमरस्त्यावर सरळ. चाक चाकच असतं.

नंतर ती बाहेर जाऊन फोनवर बोलली. कुणाशी, ते मी विचारलं नाही. खिडकीशी उभा होतो, पण काही ऐकू आलं नाही.

मंगळवार, ३१ मार्च

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर कोंबडीचं आलंय.

रविवारी पहिलं वळण छान घेतलं. दुसरंही. रस्ता सकाळच्या दवाने ओला होता, वर पाइनच्या सुया पडलेल्या. तिसऱ्या वळणातून निघताना दुसरा गिअर टाकून पाय दाबला. आधी काहीच नाही. अजून दाबला. काहीच नाही. आणि मग एकाएकी सगळं आलं. सतराच्या सतरा पाउंड. गाडीचं ढुंगण तोंडाच्या पुढे निघालं. स्टिअरिंगने हिसका मारला, कोपर दारावर आपटलं, मग बाहेरची लाल माती काचेतून माझ्याकडे धावत आली. उजवं दार आणि माझा खांदा दोन्ही बांधावर.

गळ्याखालचं हाड मोडलंय. सहा आठवडे हात झोळीत.

दोघंही धावत वर आले. तो पोरगा तिच्या पुढे पोचला, हेही माझ्या ध्यानात आलं. दार निघेना, त्याने खिडकीतून अर्धं अंग आत घालून पट्टा सोडवला. रेविनने माझं डोकं धरलं. "सांगितलं होतं" असंसुद्धा म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

पोरगा रस्त्यावरच्या टायरच्या खुणा बघत उभा राहिला. मग रेविनला हळू आवाजात म्हणाला, "हे तू दर वेळी सांभाळतेस?"

ती म्हणाली, "तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या वळणावर."

अॅम्ब्युलन्सवाल्याने तेवढ्यात इंजेक्शन दिलं. पण हे मी ऐकलं.

गुरुवार, २ एप्रिल

सकाळी वर्कशॉपवर गेलो तर तेआरिकी आधीच तिथे. ट्रकखाली आडवा. माझी राहिलेली कामं करतोय. मी बोलावलं नव्हतं.

"माझं दुकान ताब्यात घ्यायचा विचार आहे?" मी विचारलं.

"तुमचं दुकान फार गार आहे, पापा डेस. फुकट दिलंत तरी नको."

"ते पापा पापा बंद कर. मी काही तुझा बाप नाही."

तो ट्रकखालून बाहेर आला. हात पुसले. "आमच्या बेटांकडच्या लोकांत मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारली तर आई थोबाडात देते. रेविनलाही आधी मामा रेविन, म्हणजे आई रेविन, म्हणालो होतो. ती म्हणाली पुन्हा मामा म्हणालास तर डोक्यात पाना घालीन. म्हणून तिला रेविन म्हणतो, आणि घरी शिव्या खातो."

दिवसभर एका हाताने त्याला पाने देत राहिलो. काम नीटनेटकं करतो. शिट्टी मात्र फार वाजवतो.

मंगळवार, ७ एप्रिल

गाडीचं दार सरळ झालं. माझी झडप निघाली. डबा बसला. कुणी मला विचारलं नाही असं म्हणता येणार नाही. रेविनने विचारलं, "काढू ना?" मी म्हटलं, "काढ." ते एका शब्दाचं उत्तर द्यायला किती जड गेलं ते मला माहीत.

पण आता गंमत झालीय. रेविनला दुसऱ्या गिअरमध्ये दहा पाउंड हवेत. आणि डबा चौदाच्या खाली यायला तयार नाही. तेआरिकीने नळ्या बदलल्या, सॉलेनॉइड, म्हणजे डब्याची विजेवरची झडप, बदललं, त्याच्या दुकानात नेऊन रोलरवर परत परत पळवली. चौदा. तो डोकं खाजवतोय. जादा दाब बाहेर सोडणारं दार बंद ठेवणारी मूळ स्प्रिंग साधारण सात-आठ पाउंडांची असते, असं तो धरून चाललाय. डबा त्या स्प्रिंगच्या वर दाब नेऊ शकतो, खाली आणू शकत नाही.

स्प्रिंग सात-आठची नाही. चौदाची आहे. मीच बदलली होती, फार वर्षांपूर्वी. बाहेरून कळत नाही. कुणालाच सांगितलं नव्हतं, सांगायचा प्रश्नच आला नव्हता.

मी वर्कशॉपमध्ये स्टुलावर बसलो होतो, झोळीत हात घालून. म्हटलं, बघू या हुशारी. रोलर आणि कॉम्प्युटर काय सांगतो ते बघू. खरं लिहायचं तर मजा आली. त्याच्या कपाळावर घाम बघून फार दिवसांनी बरं वाटलं.

बुधवार, ८ एप्रिल

अजून चौदाच. अजून गप्पच आहे मी.

आज तो रेविनला म्हणाला, "मला नाही जमत. माफ कर." मान खाली. शिट्टी बंद.

बघायला हेच तर हवं होतं मला.

रेविनने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "जाऊ दे रे. चौदा तर चौदा. सतरा सांभाळले, चौदा का नाही सांभाळणार?"

हे ती हसत म्हणाली. आणि तिचा डावा हात आपोआप उजव्या कोपराकडे गेला, चोळायला.

माझ्या खांद्यातून अशी कळ गेली की मी स्टुलावरून उठलोच. ओटॅगोच्या रस्त्याला मातीचा बांध नाही. तिथे कड्यापलीकडे हवा आहे.

"स्प्रिंग चौदाची आहे," मी म्हटलं.

दोघं वळले.

"मूळची काढून मी जाड घातलीय. मूळची डाव्या कपाटात, कॉफीच्या डब्यात आहे. ती घाल. मग येईल दहावर. आणि वायर तुटली तरी खरोखर उतरेल. आत्ता तुटली असती तर चौदावर अडकली असती, हे तुझ्या लक्षात आलं नाही."

काल सकाळपासून मी इथेच बसून होतो, हे तेआरिकीला कळलं असणार. वाटलं, आता बोलेल. तो म्हणाला, "पापा डेस, तुम्ही नसतात तर आम्ही इथेच म्हातारे झालो असतो," आणि कपाटाकडे पळाला.

रेविन मात्र फसली नाही. तो आत गेल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाली, "केव्हापासून लक्षात होतं?"

"कालपासून."

"आणि?"

"आणि हेवा वाटत होता."

"कुणाचा? त्याचा?" तिच्या भुवया वर गेल्या. "डेस, त्या पोराला माझ्यात काडीचा रस नाही. त्याला दुसऱ्या गिअरमध्ये रस आहे."

"तेच तर," मी म्हटलं.

तिने माझ्या झोळीची सैल झालेली गाठ नीट बांधून दिली. जरा जास्तच घट्ट.

संध्याकाळी दुसऱ्या गिअरमध्ये दहा आले. तिसऱ्यात चौदा, चौथ्यात सतरा. रेविन रस्त्यावर एक फेरी मारून आली आणि गाडीतून उतरेचना. बसूनच राहिली, चाकावर दोन्ही हात ठेवून. तेआरिकी शिट्टी वाजवायला लागला.

मंगळवार, १४ एप्रिल

निघाले दोघं. ट्रेलरवर निळी, पुढे युट. वेलिंग्टनपर्यंत आज, उद्या बोटीने पलीकडे, मग दक्षिणेकडे दोन दिवस. मला डॉक्टरांनी एवढा प्रवास करायचा नाही म्हणून बजावलंय.

म्हणजे माझी बायको त्या पोराबरोबर आठ-नऊ दिवस. मुक्काम मोटेलात. खोल्या दोन, हे तिने न विचारता सांगितलं. मी विचारलं नव्हतं. विचारणार होतो.

काल तिला म्हटलं होतं, "मी नको म्हटलं तर?"

"तर नाही जाणार," ती म्हणाली. "पण मग माझं पडलेलं तोंड तुला रोज बघावं लागेल."

तेआरिकीच्या आईने टॅरोच्या पानांचं भांडं पाठवलंय, फ्रीजमध्ये आहे. युट कोपऱ्यावर वळली तेव्हा रेविन हसत होती आणि तोही हसत होता. मी उरलेल्या हाताने हात केला. घरात आलो तर घड्याळाचा आवाज येत होता. या घरात घड्याळ वाजतं, हे मला माहीतच नव्हतं.

पानं खाल्ली. चांगली असतात.

शनिवार, १८ एप्रिल

दिवसभर फोनजवळ. वर्कशॉप उघडलंच नाही. एका ट्रकवाल्याचा फोन आला, त्याला मी असा खेकसलो की त्याने माफी मागितली.

दुपारी चारला वाटलं काहीतरी झालंय. साडेचारला खात्रीच पटली. पाचला वाटलं, नाही, जिंकली असेल आणि ती दोघं कुठेतरी बसून पीत असतील आणि माझी आठवणही नसेल. दोन्हींपैकी जास्त वाईट कुठलं, हे ठरवत होतो तेवढ्यात वाजला.

"अकरावी!" रेविन ओरडली. मागे वारा, माणसं, इंजिनं. "पस्तिसांत अकरावी! डेस, ऐकतोयस ना? सांगू का?"

एरवी मी म्हटलं असतं, वेळ किती, तेल किती तापलं, चौथ्यात सतरा टिकले का. तिन्ही प्रश्न जिभेवर होते. मागे तेआरिकी कुणाला तरी काहीतरी सांगत खदाखदा हसत होता. ते हसणं मला अजूनही आवडत नाही. बहुतेक कधीच आवडणार नाही. ती मला फोन करण्याआधी हे सगळं त्याला सांगून मोकळी झाली असणार. पहिलं सांगणं त्याला मिळालं, मला दुसरं.

"सांग," मी म्हटलं.

खुर्ची ओढून बसलो. खांदा उशीवर टेकला.

"पहिलं वळण डावीकडे," ती म्हणाली, "आणि लगेच खाली खोल दरी. मी दुसरा टाकला. आणि डेस, काय सांगू, तो दाब असा आला ना, जसं कुणी हात धरून..." ती थांबली. योग्य शब्द शोधत होती. पलीकडे वाऱ्याचा आवाज येत राहिला. मी मध्ये बोललो नाही.

"थांब, डोळे मिटते," ती म्हणाली. "म्हणजे नीट आठवेल."

मग ती सांगत गेली. दुसरं वळण, तिसरं, खडी कुठे होती, सावली कुठे होती, पाय केव्हा सोडला, मागची चाकं केव्हा घसरू पाहत होती आणि तिने ती कशी परत बोलावली. बाहेर अंधारून आलं, दिवा लावायला उठलो नाही. सहाव्या वळणावर ती श्वास घ्यायला थांबली.

"मग?" मी विचारलं.